काशाक्का आणि सगळ्या देशांची बँक

काशाक्कावर काहीतरी लिहा, असं मला पुष्कळांनी सुचवलं आणि दर वेळी मी काही ना काही सबब सांगून ते टाळलं. कधी डोळ्याचं ऑपरेशन, कधी नातवाची परीक्षा, कधी नुसतंच ‘बघू’. खरी अडचण अशी होती, की तिच्याविषयी लिहायला बसलो तर स्वतःविषयीही लिहावं लागलं असतं. आता ती गेली आहे आणि माझंही वय झालं आहे. टाळून ठेवायला पुढे फारशी जागा उरलेली नाही.

आमच्या सोनपेठहून गोदावरीकडे जाताना एक गाव लागतं. त्याचे दोन भाग. खालचं गाव काळ्या रानात, दाट घरांचं. वरचा माळ खडकाळ, त्यावर विखुरलेली पत्र्याची घरं. माळावर काशाक्काचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराच्याच दाराशी टाकलेली फळी. त्यावर काड्याच्या पेट्या, मीठ, चहाची पुडी, साबणाच्या वड्या आणि बिस्किटं. फळीमागे काशाक्का बसलेली. ठेंगणी, सावळी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. नवरा फार पूर्वी वारलेला. मुलगा ऊसतोडीला जायचा, सून घरी असायची.

तिच्याकडे कुणी पाहुणा आला, की ती आधी एकच प्रश्न विचारी. “पाणी प्यायचंय का नुसता घसा वला करायचाय?” तुम्ही जे सांगाल त्याप्रमाणे ती तांब्या किंवा फुलपात्र पुढे करी. यात तिला काहीही लाजिरवाणं वाटत नसे. माळावर पाणी खालच्या गावातल्या विहिरीवरून डोक्यावर यायचं, आणि ती चढण मी एकदा मोकळ्या हातांनी चढून पाहिली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तहानेने जीव चालला होता, तरी संकोचून म्हणालो, “घसाच ओला करू द्या.” तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तांब्या पुढे केला. “घ्या. मास्तर लोक इचारल्यावर खरं सांगत न्हाईत.”

मी सोनपेठच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्या सुमारास परदेशातल्या एका विकास बँकेच्या कर्जातून आमच्या भागात नळपाण्याची योजना आली. गरिबी कमी करण्यासाठी देशोदेशी काम करणारी बँक, अशी तिची ओळख. बँकेची माणसं अधूनमधून गावं बघायला येत, आणि त्यांच्याशी बोलायला परभणीच्या प्रकल्प कार्यालयाला इंग्रजी येणारा माणूस हवा होता. शाळेकडून मला मागून घेतलं गेलं. जीपमधून फिरायला मिळे, पुढच्या सीटवर बसायला मिळे. मला ते आवडत होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

बँकेचं नाव ऐकल्यापासून काशाक्का माझ्या मागे लागली. तिला कशाचंही कुतूहल असे. एसटीच्या कंडक्टरला झालेल्या पोरीचं नाव काय ठेवलं इथपासून विमानात चूल कशी पेटवतात इथपर्यंत. ती लोकांच्या पिशवीत डोकावे, डब्यात काय आणलंय ते उघडून बघे. सून वैतागून म्हणायची, “अक्का, आवो पाव्हन्याच्या पिशवीत हात घालायलाव का?” त्यावर अक्का म्हणे, “घेत न्हाई बया, नुसतं बघायले.”

“मला येक सांगा मास्तर,” ती म्हणाली. तिचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं. “ही बँक हाय कुनाची?”

“सगळ्या देशांची मिळून आहे, अक्का.”

“आपल्या देशाची बी?”

“हो. आपलाही थोडा वाटा आहे त्यात.”

“म्हंजी म्या मालकीन झाले की! आन् ती पैसे देती ते दान का कर्ज?”

“कर्ज. सरकारला देते. सरकार हळूहळू फेडतं.”

“सरकार कुटून आनतंय?”

“आपण जे काही विकत घेतो, त्यावरच्या करातून.”

तिने फळीवरची काड्याची पेटी उचलून माझ्यापुढे धरली. “हिच्यावर बी?”

“हिच्यावरही.”

“मग मी बी फेडायलेच म्हना. फेडायले तर इचारायला काय हरकत हाय?” आणि सुनेकडे वळून, “ऐकलं का गं, आपली परदेशात बँक हाय.” सून चुलीपुढून म्हणाली, “मालकीनबाई, बँकेला सांगा, शेन्या संपल्यात.”

या योजनेची एक रीत होती. गावाचा नकाशा साहेबांनी काढायचा नाही, गावातल्या बायकांनी काढायचा. गावातल्या शाळेच्या पटांगणात रांगोळीने रस्ते, विहिरी, घरं काढायची. मग कोणतं घर खाऊनपिऊन सुखी आणि कोणतं गरीब, हे बायकांनीच ठरवून सुखी घरावर हळद आणि गरीब घरावर कुंकू ठेवायचं. ज्यांना गरीब म्हणायचं त्यांनाच विचारा, हा त्यामागचा बँकेचा आग्रह. प्रशिक्षणात मला हा पोरखेळ वाटला होता. पटांगणात तसा राहिला नाही, कारण बायका भांडायला लागल्या.

“हिच्या दारात गाय हाय, हिला हळद.”

“भाकड हाय ती! चारा म्या घालते, दूध तू देनार का?”

“पोरगा पुन्याला हाय की तुजा.”

“तिकडं आसला म्हून हिकडं काय पाठवतोय?”

काशाक्का ऐकत होती. मग म्हणाली, “मी सांगू का? पाव्हना दारात दिसला की ज्या बाईच्या पोटात गोळा येतो, तिच्या घरावर कुकू ठिवा.” एकेक जण उठली आणि आपापल्या घरावर आपल्याच हाताने कुंकू ठेवून आली. मी नंतर प्रकल्पाच्या बैठकांत गरिबीच्या बऱ्याच व्याख्या ऐकल्या. कॅलरी, उत्पन्न, पक्कं छप्पर. त्यांत चूक काही नव्हतं. पण मला आठवते ती हीच. माळाची सगळी घरं त्या दिवशी लाल झाली होती.

पाइपलाइनसाठी गावाने श्रमदान करायचं होतं. माळावरच्या बायका-पुरुषांनी सर्वांच्या बरोबरीने चर खणला. काशाक्का वयाने मोठी, तिला कुदळ झेपेना. ती चराच्या कडेला बसून गप्पा मारी आणि तेवढ्यावर लोकांकडून दुप्पट काम करून घेई. मग टाकी झाली. ती खालच्या गावात झाली, कारण जागा तिथे मिळाली. खालच्या गावात दारोदार नळ आले. ज्या दिवशी पाणी सुटलं त्या दिवशी काय आनंद होता, तो मी पाहिला आहे. पुढच्याच वर्षी खालच्या आळीतल्या मुली सोनपेठच्या शाळेत माझ्या वर्गात वेळेवर येऊ लागल्या. माळावर मात्र पाणी चढलं नाही. इंजिनिअर म्हणाले, टाकीच खोलात आहे, माळासाठी वेगळी टाकी आणि मोटर लागेल. काशाक्का म्हणाली, “पान्याला बी आमचा चड चडवंना म्हना की.” साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू.

पुढचा टप्पा मंजूर करण्याआधी बँकेची माणसं पाहणीला येणार होती. आदल्या दिवशी प्रकल्पाचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, जिल्ह्यातली दुसरी गावं रांगेत आहेत. इथून एक तक्रार गेली तर सगळ्यांचंच अडेल. जरा सांभाळून घ्या.” सांभाळून घ्या म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला ते कळलं होतं.

शाळेच्या पटांगणात मंडप पडला. शाल, श्रीफळ, लेझीम. बायकांनी तोच नकाशा पुन्हा रांगोळीने काढला होता. नकाशा मोठा आणि मंडप लहान, म्हणून पाहुण्यांच्या खुर्च्या नकाशाच्या वरच्या कडेवर मांडल्या गेल्या. मांडणाऱ्या पोरांनी पाहिलंही नाही, की ती वरची कड म्हणजे माळ होता. पाहुण्यांमध्ये मुख्य होत्या त्या एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. धुळीने चप्पल भरलेली, चेहरा उन्हाने लाल, पण बघणं बारीक. त्या खुर्चीत बसल्या, शेजारी मी.

माळावरच्या बायका उशिरा आल्या, पाणी भरून येईपर्यंत त्यांना वेळ झाला होता. सगळ्यांत पुढे काशाक्का. तिने एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा खुर्च्यांकडे, आणि सरळ पाहुण्या बाईंपुढे येऊन उभी राहिली.

“बाई, जरा उटता का? तुमी माज्या घरावर बसलाव.”

मंडपात हशा पिकला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुण्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतात या?

मी इंग्रजीत सांगितलं, “त्या म्हणतात, इथे ऊन येतंय, तुम्ही सावलीला सरकून बसा.”

बाई हसल्या, छातीवर हात ठेवून त्यांनी आभार मानले, आणि खुर्ची स्वतः उचलून बाजूला ठेवली. काशाक्काला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं. ती खाली बसली, खुर्चीच्या पायांनी विस्कटलेली घरं बोटाने एकेक नीट केली आणि त्यांवर पुन्हा कुंकू ठेवलं. मग ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असा विश्वास होता, की आजही तो आठवला की मी पान उलटून दुसरंच काही वाचायला लागतो.

बाईंनी विचारलं, या गावात पाणी पोचायचं राहिलेली घरं आहेत का? प्रश्न मी मराठीत नीट सांगितला. उत्तर काशाक्काने दिलं.

“हायती की बाई. ही लाल घरं समदी. तुमी पानी दिलं, खालच्या बायांचं लय भलं झालं, त्यांच्या पोरी शाळंला जायल्यात, ते मी डोळ्यानं बघायले. मी न्हाई म्हनत न्हाई. पन आमी बी चर खंदला, आन् आमच्या पोरी आजून घागरी घिऊन खालीच जायल्यात. देवाला पळीभर पानी पुरतंय, म्हशीला पुरत न्हाई, बाळंतिनीला पुरत न्हाई. आमाला फुकट नको. तुमी येक टाकी वर बांदा, चर आमी आजून खंदू. आन् मला हे बी सांगा, की तुमच्या गावात पानी चडावर कसं नेतेत?”

एवढं बोलून ती उत्तरासाठी थांबली. शेवटचा प्रश्न तिने खरोखरच विचारला होता. मंडपातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. साहेब बघत होते.

मी म्हणालो, “त्या म्हणतात, पाणी आल्यामुळे गावातल्या मुली शाळेत जाऊ लागल्या आहेत. बायका फार समाधानी आहेत आणि बँकेच्या आभारी आहेत.”

काशाक्का चमकली. “मास्तर, मी येवडं बोलले आन् तुमी येवडंसंच सांगितलं?”

“इंग्रजीत थोडक्यात होतं, अक्का.”

“आसं व्हय?” ती म्हणाली. “बरी हाय भाषा.” आणि तिने त्या भाषेकडे, म्हणजे माझ्या तोंडाकडे, मोठ्या कौतुकाने पाहिलं.

पाहुण्या बाईंनी उठून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिला काहीतरी म्हणाल्या. त्या तिचं अभिनंदन करत होत्या. काशाक्काने मला त्याचा अर्थ विचारला नाही. हात धरला म्हणजे शब्द दिला, असं तिच्या माळावर मानतात. त्या संध्याकाळी माळावर प्रत्येक घरी तिने सांगितलं, की बाईंनी हात धरलाय, टाकी येणार.

त्यानंतर सोनपेठच्या बाजारात भेटली की ती विचारी, “आलं का तिकडून काही?” मी सांगे, वेळ लागतो. पुढच्या टप्प्याची गावं जाहीर झाली, त्यात माळ नव्हता. ती बातमी तिला द्यायला मीच गेलो. ती रागावेल, बँकेला चार शिव्या देईल, मलाही देईल, अशी माझी तयारी होती. ती फळीमागे बसून बराच वेळ काड्याच्या पेट्या सारख्या करत राहिली.

“बाई चांगली व्हती वो,” ती म्हणाली. “उन्हातानात आली. मी सांगितल्यावर खुर्ची बी उचलली. म्हंजी माजंच बोलनं कमी पडलं. मला नीट सांगता आलं न्हाई.”

तिने चहा दिला, तो प्यायलो.

काही महिन्यांनी प्रकल्पाचे इंजिनिअर परभणीच्या स्टँडवर भेटले. बोलता बोलता त्यांनी गंगाखेडकडच्या एका गावाची गोष्ट सांगितली. तिथेही अशीच एक वस्ती सुटली होती. तिथे दुभाषी म्हणून कॉलेजची एक पोरगी होती. एका म्हातारीने याच पाहुण्या बाईंना भर मंडपात झापलं, आणि पोरीने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्या वस्तीला वेगळी टाकी आणि मोटर मिळाली.

“झापलं तरी?” मी विचारलं.

“झापलं म्हणूनच. अहो, त्या बाई हिंडत होत्या तेच सुटलेली घरं शोधायला. त्यासाठी वेगळी तरतूद होती. तुमच्या गावाबद्दल म्हणाल्या, इतकं समाधानी गाव आम्हाला कुठेच दिसलं नाही.” आणि ते हसले.

अशा बँकांविषयी मी पेपरात दोन्ही टोकांचं वाचतो. कुणी त्यांना गरिबांचे तारणहार म्हणतं, कुणी देशाला कर्जात बुडवणारे सावकार. मोठ्या हिशेबातलं मला कळत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की खालच्या गावात त्या पैशाने पाणी आलं आणि मुली शाळेत आल्या, आणि माळावर आलं नाही. ती बँक विचारायला आली होती. माळ सांगायला उभा होता. दोघांच्या मधे फक्त एक खुर्ची होती आणि तीत मी बसलो होतो.

त्याचा परिणाम पाण्यापुरता राहिला नाही. काशाक्काने ग्रामसभेत बोलणं सोडलं. आधी तिच्यामुळे सभा लांबत असे, आता ती मागे बसून ऐके आणि उठून जाई. पुढे सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. माळाने आणि खालच्या अर्ध्या गावानेही तिचं नाव काढलं. तिने हात जोडले. “मला बोलता येत न्हाई बाप्पा. परदेशच्या बाईपुडं बोलून बघितलं की. आख्ख्या माळाचं पानी गेलं माज्या बोलन्यानं.” मग कुणाची तरी बायको सरपंच झाली आणि नवऱ्याने कारभार केला. ही बातमी मला शाळेत कळली. त्या दिवशी मी शिकवू शकलो नाही, मुलांना शुद्धलेखन घालून बसलो.

तिला सांगायचं म्हणून मी कितीदा तरी तो माळ चढलो. एकदा तर सुरुवातही केली. “अक्का, त्या दिवशी मंडपात...”

“त्या दिवसाचं सोडा मास्तर,” ती ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली. “मला येक सांगा. त्या बाईच्या देशात बी गरीब आसतील का?”

“असतात.”

“मग त्यांना कोन बँक देती?”

“तिथली सरकारं बघतात.”

“आन् त्यांचं सांगनं कोन सांगतंय?”

मी तिला परदेशातल्या गरिबांविषयी जे ठाऊक होतं ते सांगत बसलो. ती तल्लीन होऊन ऐकत होती, अधूनमधून ‘अगं बया’ म्हणत होती. चांगला तासभर गेला. उतरताना मी स्वतःला समजावलं, की तिनेच विषय बदलला. तिच्या कुतूहलाआड मी दर वेळी असाच लपत आलो.

अलीकडे दुसऱ्या एका सरकारी योजनेत माळावर नळ आला. मी तेव्हा निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, तरी तिने बोलावणं पाठवलं. पाठीत वाकली होती, डोळ्यांनी कमी दिसत होतं. धारेखाली हात धरून ती म्हणाली, “ह्ये कोन्च्या बँकेचं?” सरकारचं, म्हणून मी सांगितलं. “म्हंजी आपलंच,” ती म्हणाली आणि हसली. तेव्हाही सांगता आलं असतं. सगळे आनंदात होते, आणि मी तेच कारण पुढे केलं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून, फुलं घालून, माळाच्याच कडेला समाधी दिली. लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं. लोक रांगेने पुढे जाऊन बेलाचं पान आणि चिमूटभर भस्म वाहत होते. सून माझ्याजवळ आली. डोळे पुसत म्हणाली, “अक्का लय नाव काडायच्या तुमचं. म्हनायच्या, मास्तरानं त्या बाईला आपलं समदं सांगितलं, मीच कमी पडले.”

रांग पुढे सरकली. माझा नंबर आला. मी वाकलो, बेलाचं पान ठेवलं. मागची माणसं थांबली होती. भाषेवर पोट भरलेला मी माणूस, ओठ हलले आणि त्यातून काही आलं नाही. जे म्हणायचं होतं ते फार थोडं होतं. अक्का, तुम्ही कमी पडला नाहीत. तुम्ही सगळं नीट सांगितलं होतं. मी ते पुढे सांगितलंच नाही. मला माफ करा.